समजून घ्या : डावे, उजवे, समाजवादी, उदारमतवादी... हे शब्द आले कुठून आणि ट्रॉम्बेशी त्यांचा संबंध काय?

चेंबूर-ट्रॉम्बे पट्ट्यात एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर उभं राहिलं की एका नजरेत चार प्रकारचे मालक दिसतात. डोंगराच्या पलीकडे खाडीच्या बाजूला भाभा अणुसंशोधन केंद्र, म्हणजे थेट केंद्र सरकारचं खातं. अलीकडे आरसीएफ, म्हणजे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स. या कंपनीचे 75 टक्के शेअर सरकारकडे आहेत आणि उरलेले बाजारात. टाटा पॉवरचं औष्णिक वीज केंद्र पूर्णपणे खासगी. आणि माहुलच्या दोन रिफायनऱ्या, ज्या आधी परदेशी कंपन्यांच्या होत्या, नंतर सरकारी झाल्या आणि त्यातली एक मध्यंतरी विकायला काढली होती.

हे शेजारी योगायोगाने एकत्र आलेले नाहीत. कारखाना कुणाच्या मालकीचा असावा आणि त्यातून होणारा फायदा कुणाला मिळावा, या प्रश्नाला देशाने वेगवेगळ्या काळात दिलेली ही वेगवेगळी उत्तरं आहेत. निवडणूक आली की 'तो डावा', 'हा उजवा', 'ते समाजवादी', 'हे फॅसिस्ट' अशी लेबलं मोबाइलवर धडाधड फिरतात. त्या लेबलांमागे नेमकं काय आहे, ते कुठून आलं आणि महाराष्ट्रात त्याचं काय झालं, ते पाहूया.

डावं-उजवं हे कुणी ठरवलं?

खुर्च्यांनी. 1789 च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत एक वाद पेटला : लोकप्रतिनिधींनी केलेला कायदा रोखण्याचा, म्हणजेच व्हेटोचा अधिकार राजाला असावा की नसावा? राजाच्या आणि धर्मसत्तेच्या बाजूचे सभासद अध्यक्षांच्या उजव्या हाताला जमू लागले, राजाचे अधिकार कमी करू पाहणारे डाव्या हाताला. उजवीकडे बसलेल्या एका सरदाराने नंतर लिहून ठेवलं आहे की, समोरच्या गटाचा आरडाओरडा टाळायचा म्हणून ते एकत्र बसत होते. म्हणजे सुरुवातीला ही निव्वळ बैठकव्यवस्था होती. पुढे वर्तमानपत्रांनी ती उचलली आणि जगभर पोहोचवली.

'विचारसरणी' या अर्थाचा मूळ फ्रेंच शब्दही त्याच धामधुमीतला. देस्त्यू द त्रासी या विचारवंताने 1796 मध्ये तो 'कल्पनांचं शास्त्र' अशा अर्थाने तयार केला. नेपोलियनला ही मंडळी डोईजड झाली तेव्हा त्याने हाच शब्द 'हवेत बोलणारे लोक' अशा हेटाळणीच्या सुरात वापरायला सुरुवात केली. आजही कुणाला 'विचारसरणीवाला' म्हटलं की ते कौतुक आहे की टोमणा, हे चटकन कळत नाही. त्याचं मूळ तिथे आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. 1789 चा वाद राजाच्या अधिकाराचा होता, कारखान्याचा नव्हता, कारण तेव्हा कारखाने जेमतेम सुरू होत होते. डावं म्हणजे सरकारी मालकी आणि उजवं म्हणजे खासगी मालकी हा अर्थ पुढच्या शंभर वर्षांत चिकटला.

उदारमतवाद म्हणजे नेमकं काय?

व्यक्ती आधी, सत्ता नंतर. सरकारने माणसाच्या जिवाला, मालमत्तेला, बोलण्याला आणि श्रद्धेला संरक्षण द्यावं आणि बाकी शक्यतो बाजूला राहावं, हा या विचाराचा गाभा. 17 व्या शतकात इंग्लंडच्या जॉन लॉकने त्याची राजकीय बाजू मांडली, 1776 मध्ये अ‍ॅडम स्मिथने आर्थिक. राजकीय गटाचं नाव म्हणून 'लिबरल' हा शब्द मात्र 1810 नंतर स्पेनमधल्या कादिझच्या संसदेत रूढ झाला.

मुंबई-पुण्यात हा विचार फार लवकर पोहोचला. दादाभाई नौरोजी 1892 मध्ये ब्रिटिश संसदेत निवडून गेले ते लिबरल पक्षाच्या तिकिटावर. न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले हेही याच परंपरेतले. पण इथे पहिली गंमत झाली. त्याच 1892 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थकारणावर व्याख्यान देताना रानड्यांनी स्पष्ट केलं की, इंग्लंडमध्ये चालणारा 'सरकारने हात घालू नये' हा नियम भारतासारख्या गरीब, वसाहत झालेल्या देशाला जसाच्या तसा लागू होत नाही; इथे उद्योग उभे करायला सरकारचा हात लागेल. ट्रॉम्बेच्या चिमण्यांची कल्पना खरं तर तिथपासूनच सुरू होते.

नौरोजींचा प्रवासही तसाच. आयुष्यभर लिबरल राहिलेला हा माणूस 1904 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भारताच्या लुटीची कैफियत मांडायला उभा राहिला. गुलाम देशातल्या माणसाला युरोपातले कप्पे पुरत नव्हते. (अमेरिकन बातम्या वाचताना आणखी एक सावधगिरी : तिथे 'लिबरल' म्हणजे डावीकडे झुकलेला. युरोपात आणि आपल्याकडे तो शब्द मुक्त बाजारपेठवाल्यांसाठीही वापरतात.)

मग परंपरावादी म्हणजे मागासलेले का?

तसं नाही. या विचाराचा पाया मानला जाणारा एडमंड बर्क हा ब्रिटिश खासदार. फ्रेंच राज्यक्रांतीवर त्याने 1790 मध्ये सडकून टीका केली. त्याचा मुद्दा होता की, समाज हे पिढ्यान्‌पिढ्या जमलेलं शहाणपण आहे, ते कागदावरच्या आराखड्याने एका रात्रीत पाडू नये. पण याच बर्कने अमेरिकन वसाहतींची बाजू घेतली आणि भारतातल्या कारभाराबद्दल वॉरन हेस्टिंग्जवर ब्रिटिश संसदेत खटला चालवला.

महाराष्ट्रात हा पेच 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावेळी उघडा पडला. मुलीच्या संमतीचं वय 10 वरून 12 करणाऱ्या या कायद्याच्या बाजूने आगरकर उभे राहिले, विरोधात टिळक. परक्या सरकारने आपल्या समाजात कायद्याने ढवळाढवळ करू नये, असं टिळकांचं म्हणणं. राजकारणात जहाल आणि समाजसुधारणेत सावध, असा हा मेळ डाव्या-उजव्याच्या एका रेषेवर मांडता येत नाही.

समाजवाद आणि साम्यवाद यात फरक काय?

दोन्हींची सुरुवात कारखान्याच्या फाटकावर होते. 19 व्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट ओवेन या गिरणीमालकानेच कामगारांच्या वस्त्या, शाळा आणि सहकाराचे प्रयोग केले. 1848 मध्ये मार्क्स आणि एंगल्स यांचा कम्युनिस्ट जाहीरनामा आला. ढोबळमानाने सांगायचं तर, उत्पादनाची साधनं समाजाच्या ताब्यात असावीत यावर दोघांचं एकमत. ती निवडणुकीतून आणि टप्प्याटप्प्याने घ्यायची की क्रांतीने, यावर भांडण.

मुंबईत दोन्ही प्रवाह जोरात होते. श्रीपाद अमृत डांगे यांचं गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारं पुस्तक 1921 चं. 1928 च्या गिरणी संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. दुसरीकडे सविनय कायदेभंगात पकडलेले तरुण काँग्रेसवाले नाशिकच्या तुरुंगात जमले आणि तिथल्या चर्चांमधून 1934 मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष जन्मला. जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे ही त्यातली ठळक नावं.

आणि मिनू मसानी. हा मुंबईकर पारशी तरुण त्या समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. स्टालिनच्या रशियात काय चाललं आहे हे कळत गेलं तसा त्यांचा भ्रमनिरास झाला. 1959 मध्ये राजाजींच्या बरोबरीने त्यांनी सरकारी नियंत्रणांविरुद्ध स्वतंत्र पक्ष काढला आणि 1967 च्या लोकसभेत 44 जागा मिळवून तो सर्वात मोठा विरोधी पक्ष झाला. विचारसरणी म्हणजे जन्मभराचं गोंदण असं मानणाऱ्यांनी मसानींचं चरित्र चाळायला हरकत नाही.

हे सगळं ट्रॉम्बेपर्यंत कसं पोहोचलं?

यातला रंजक भाग असा की, सरकारने मोठा हात घालावा अशी मागणी उद्योगपतींनीच केली होती. जानेवारी 1944 मध्ये आलेल्या 'बॉम्बे प्लॅन'वर जेआरडी टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकूरदास अशा आठ जणांच्या सह्या होत्या. 15 वर्षं, 10 हजार कोटी रुपये, आणि त्यात सरकारची मोठी गुंतवणूक. खासगी भांडवल तुटपुंजं होतं, ब्रिटिश कंपन्यांशी स्पर्धा होती, धरणं-पोलाद-वीज यांचा परतावा यायला दशकं लागणार होती. मग जोखीम सरकारने घ्यावी, हा त्यामागचा व्यवहारी हिशोब.

काँग्रेसने 1955 च्या आवडी अधिवेशनात 'समाजवादी धर्तीची समाजरचना' हे ध्येय स्वीकारलं आणि 30 एप्रिल 1956 च्या औद्योगिक धोरण ठरावाने उद्योगांची वाटणी केली. अणुऊर्जा, खनिज तेल, वीजनिर्मिती पहिल्या यादीत, म्हणजे नव्या प्रकल्पांची जबाबदारी सरकारची. आधीपासूनच्या खासगी कंपन्यांना मात्र चालू राहायची मुभा होती. म्हणूनच टाटांचं वीज केंद्र ट्रॉम्बेत खासगी म्हणून उभं राहिलं आणि तसंच राहिलं. त्याला नाव पडलं मिश्र अर्थव्यवस्था.

त्याच वर्षी, 4 ऑगस्ट 1956 ला, ट्रॉम्बेत 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. पाण्याच्या टाकीत इंधन बुडवून ठेवणारी, म्हणून 'स्विमिंग पूल' प्रकारची. रचना भारतीय अभियंत्यांची, इंधन ब्रिटनहून आलेलं. सार्वजनिक क्षेत्राच्या कट्टर टीकाकारांनाही अणुऊर्जा सरकारकडे असण्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. तक्रार आली ती अनपेक्षित दिशेने. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गणितज्ञ आणि मार्क्सवादी इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं मत होतं की, भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणूऐवजी सौरऊर्जेवर पैसा लावावा. 1962 मध्ये संस्थेने त्यांची नेमणूक पुढे वाढवली नाही.

रिफायनऱ्यांची कथा आणखी नागमोडी आहे. 1951 मध्ये सरकारने परदेशी तेल कंपन्यांशी करार केले, त्यात 25 वर्षं राष्ट्रीयीकरण न करण्याची हमी दिली होती. समाजवादाच्या वाटेवर निघालेलं सरकार भांडवलदारांना लेखी हमी देतंय, हे आज वाचताना विचित्र वाटतं. पण तेल शुद्ध करायचं तंत्र आणि पैसा तेव्हा त्यांच्याकडेच होता. 1954-55 मध्ये माहुलला दोन्ही रिफायनऱ्या सुरू झाल्या. 1973 च्या तेलसंकटानंतर हवा बदलली. 1974 मध्ये एस्सो आणि 1976 मध्ये बर्मा शेल सरकारने संसदेत कायदे करून, भरपाई देऊन ताब्यात घेतल्या. त्यांचीच पुढे एचपीसीएल आणि बीपीसीएल झाली.

संविधानातला 'समाजवादी' शब्द कधीचा?

मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी 15 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत दुरुस्ती मांडली : भारत 'धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी' असल्याचं लिहा. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे पुढच्या पिढ्यांनी आपापल्या काळात ठरवावं, संविधानाने त्यांचे हात बांधू नयेत, असा त्यांचा युक्तिवाद. हे आंबेडकर कुणी मुक्त बाजारवाले नव्हते. 1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता आणि 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात पायाभूत उद्योग आणि शेतीसुद्धा सरकारच्या मालकीची असावी असं सुचवलं होतं. समाजवादी कार्यक्रम हवा, पण लोकशाहीने निवडलेला, असा त्यांचा ताळमेळ लावता येतो.

शब्द अखेर आला तो आणीबाणीत, 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने. आणि 1989 पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29 अ नुसार नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाहीवर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. म्हणजे खासगीकरणाचा झेंडा घेऊन कुणी पक्ष काढला तरी अर्जावर तो समाजवादीच. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रास्ताविकेतले हे शब्द काढण्याची मागणी फेटाळली.

हिंदुत्व, आंबेडकरवाद या रेषेवर कुठे बसतात?

सरळ रेषेवर बसवायला गेलं तर गोंधळ होतो. आलेखाला एकच अक्ष पुरत नाही. पैसा कुणाकडे हा एक प्रश्न, 'आपण' म्हणजे कोण हा दुसरा, माणसामाणसांतली उतरंड कशी मोडायची हा तिसरा. महात्मा फुल्यांचा सत्यशोधक समाज 1873 चा. रशियन क्रांतीच्या 44 वर्षं आधी इथे जातीच्या उतरंडीला आव्हान दिलं जात होतं आणि त्याचे धडे फ्रान्स-जर्मनीतून आलेले नव्हते. 1928 च्या गिरणी संपावेळी आंबेडकरांनी कम्युनिस्टांना जो प्रश्न केला तो याच अक्षावरचा होता : जास्त मजुरी मिळणाऱ्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश का नाही?

सावरकरांचं 'हिंदुत्व' 1923 चं, नागपुरात संघाची स्थापना 1925 ची. दोन्हींचा मुख्य प्रश्न राष्ट्र म्हणजे कोण, हा. आर्थिक धोरणाला तिथे दुय्यम जागा. दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानववाद मांडणारी व्याख्यानं एप्रिल 1965 मध्ये मुंबईतच दिली, त्यात भांडवलशाही आणि साम्यवाद दोन्ही नाकारले. एप्रिल 1980 मध्ये भाजप स्थापन झाला आणि डिसेंबरच्या मुंबई अधिवेशनात त्याने 'गांधीवादी समाजवाद' स्वीकारला. आजच्या तरुण मतदाराला हे सांगितलं तर तो आधी गुगल करेल.

आणि तो सगळीकडे फेकला जाणारा 'फॅसिस्ट' शब्द? तो 1919 मध्ये इटलीत मुसोलिनीने उभ्या केलेल्या चळवळीचा. एक नेता, विरोधकांवर संघटित हिंसा आणि सर्वंकष राज्य ही त्याची लक्षणं. न पटणाऱ्या प्रत्येकाला तो लावला की शब्दाची धार जाते.

राज्याची ताकद कुणासाठी?

हा अक्ष ट्रॉम्बेतल्या एका वस्तीने अंगावर झेलला आहे. अणुशक्ती केंद्राच्या शेजारी जनता कॉलनी होती. शहरात इतरत्र हटवलेल्या झोपड्यांतली माणसं तिथे वसवलेली. ती जागा केंद्राच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतीसाठी हवी होती. रहिवाशांचे नेते जोकिन अर्पुथम यांनी वर्षानुवर्षं मोर्चे, कोर्ट, दिल्लीच्या फेऱ्या असा लढा दिला. मे 1976 मध्ये, आणीबाणीत, वस्ती पाडली गेली आणि सुमारे 70 हजार माणसं ट्रॉम्बेच्या टोकाला, खाडीच्या दलदलीलगत चिता कॅम्पमध्ये हलवली गेली.

गंमत नव्हे, विसंगती बघा : पाडणारं सरकार समाजवादी, कारण राष्ट्रीय विज्ञानाचं, आणि संविधानात 'समाजवादी' शब्द घालणारी दुरुस्ती त्याच वर्षीची. उजव्यांनी म्हटलं असतं, मालमत्तेचा हक्क पक्का असता तर हे झालं नसतं. पण त्या माणसांच्या नावावर जमीन नव्हतीच. डाव्यांनी म्हटलं असतं, राज्य गरिबांचं हवं. पण ते स्वतःला गरिबांचंच म्हणवत होतं. अर्पुथम यांनी पुढे झोपडपट्टीवासीयांचं राष्ट्रीय संघटन बांधलं. पाडापाडीला नुसता विरोध न करता वस्तीने स्वतःच मोजणी, नकाशे आणि बचत गट करून सरकारशी वाटाघाट करायची, ही त्यांची पद्धत नंतर अनेक देशांत गेली. 2000 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मग आता वारं कुठल्या दिशेचं?

1991 नंतर सर्व पक्षांची सरकारं कमी-अधिक वेगाने बाजाराकडे सरकली, पण ट्रॉम्बेत ती वाट सरळ नाही. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, या तेल कंपन्या संसदेच्या कायद्याने घेतल्या आहेत, तर कायदा न बदलता विकता येणार नाहीत. 2016 मध्ये ते जुने कायदेच रद्द झाले. नोव्हेंबर 2019 मध्ये बीपीसीएलमधला सरकारी हिस्सा विकायचा निर्णय झाला, मे 2022 मध्ये तो गुंडाळला. एचपीसीएलचा सरकारी हिस्सा 2018 मध्ये ओएनजीसीने घेतला. एका सरकारी खिशातून दुसऱ्यात. आरसीएफच्या आवारात तयार होणाऱ्या युरियाची 45 किलोची गोणी शेतकऱ्याला करांशिवाय 242 रुपयांच्या ठरलेल्या दराने मिळते, उरलेला खर्च सरकार अनुदानातून भरतं. आणि अणुऊर्जा, जी 1956 मध्ये निर्विवाद सरकारी होती, तिच्यात खासगी कंपन्यांना वाट देण्यासाठी कायदा बदलण्याची घोषणा 2025 च्या अर्थसंकल्पात झाली.

या सगळ्यात न मोजलेला एक पक्ष उरतो, धुराचा. पर्यावरणवादी राजकारण ही तुलनेने नवी विचारसरणी. जर्मनीचा ग्रीन पक्ष 1980 मध्ये स्थापन झाला आणि त्यामागे अणुऊर्जाविरोधी आंदोलनांचा मोठा वाटा होता. कारखाना सरकारचा की शेठचा, यापेक्षा त्याच्या शेजारी कोण राहतं, हा त्यांचा प्रश्न. माहुलमध्ये तो कागदावर आला आहे. पालिकेने तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तिथली कुटुंबं माहुलच्या इमारतींत पाठवली. हवेमुळे ती तिथे राहायला तयार नव्हती. एप्रिल 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना माहुलची सक्ती न करता दरमहा 15 हजार रुपये भाडं द्यायला सांगितलं. ऑगस्ट 2020 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने प्रदूषणाबद्दल चार कंपन्यांना मिळून सुमारे 286 कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. त्या चारांत दोन सरकारी होत्या आणि दोन खासगी.